मुलांची खरूज: घरी उपचार करताना पडणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात औषधांच्या दुकानात मी काउंटरवर उभी असते. थंडी पडली, मुलं एका गोधडीत झोपू लागली की पंधरा-वीस दिवसांनी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "ताई, खाजेची एक ट्यूब द्या." मी विचारते, घरात माणसं किती? समोरचा माणूस चमकतो. ट्यूब पोराला हवी आहे, माणसं कशाला मोजायची? खरजेच्या बाबतीत मोजायची असतात ती आधी माणसंच. खालचे प्रश्न काउंटरवर रोज येणारेच आहेत, फक्त उत्तरं द्यायला तिथे कधी एवढा वेळ मिळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. उपचार घरीच करायचा असतो, पण रोग ओळखायचं काम डॉक्टरांचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते होतं.

ही खरूजच आहे, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा. पहिली, खाज रात्री वाढते का? दिवसभर खेळणारं पोर पांघरूण घेतलं की तासाभरात खाजवायला लागतं, झोपेतही नखं चालू असतात. दुसरी, पुरळ कुठे आहे? बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवती, कमरेला नाडी बसते ती जागा, ढुंगण आणि मुलग्यांमध्ये लघवीची जागा. तिसरी, घरात आणखी कुणी खाजवतंय का? ही तीनही उत्तरं "हो" आली, तर नव्वद टक्के संशय खरजेवरच घ्यायचा, असं मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं चित्र वेगळं असतं, आणि तिथेच फसगत होते. त्यांना तळहात, तळपाय, डोकं, मान, कधी चेहऱ्यावरही फोड येतात. तळपायाला पाणी भरलेले बारीक फोड असलेलं चिडचिडं बाळ मांडीवर घेऊन आलेली आई "उष्णता झालीय" म्हणते. मी तिचे स्वतःचे हात बघते. बऱ्याचदा उत्तर तिच्या बेचक्यांतच असतं.

नीट उजेडात मनगटाजवळ पाहिलं तर कधीकधी करड्या रंगाची, केसाएवढी बारीक, वेडीवाकडी रेघ दिसते. लांबी काही मिलिमीटर. ते खरूज करणाऱ्या बारीक किड्याचं बीळ. जुने डॉक्टर संशयाच्या जागी फाउंटन पेनची शाई लावून स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. वरची शाई जायची आणि बिळात मुरलेली रेघ तेवढी उरायची. आता त्वचारोगतज्ज्ञांकडे भिंगाचं यंत्र असतं. रेघ दिसली नाही म्हणून खरूज नाही, असं मात्र समजू नका. खाजवून खाजवून मुलं ती रेघ शिल्लकच ठेवत नाहीत.

घामोळं, इसब, ढेकणांचे चावे, नायटा, सगळ्यांनाच खाज येते. नायट्याला गोल कडा असते आणि तो सहसा बेचक्यांपासून सुरू होत नाही, एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मा गोंधळ टळतो.

किडा म्हणजे नक्की काय? डोळ्यांना दिसतो का?

गोचीड आणि कोळी यांच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव आहे. मादी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, म्हणजे फार तर सुईच्या टोकाएवढा ठिपका. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्लं दहा-पंधरा दिवसांत मोठी होतात. इटलीतल्या जोवान्नी कोसिमो बोनोमो यांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून लिहून ठेवलं होतं. "रक्त खराब झालं", "पाणी लागलं" या समजुती तेव्हाच मोडीत निघायला हव्या होत्या.

आता ऐकून आश्चर्य वाटेल असं. अंगभर पुरळ असलेल्या मुलाच्या अंगावर किडे असतात सरासरी दहा ते पंधरा. मग एवढी खाज कशाची? किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं अंग उठतं, ती खाज ही. म्हणजे खाज किड्याच्या चावण्याची नाही, अंगाच्या ॲलर्जीची. हे एकच वाक्य ध्यानात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

आमच्या घरी रोज आंघोळ, रोज धुणं. मग खरूज कशी झाली?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत थांबतात. "खरजुलं कुत्रं" ही आपल्या भाषेत शिवीच आहे, त्यामुळे खरूज म्हणजे घाण हे डोक्यात पक्कं बसलेलं. किड्याला साबणाशी काही देणंघेणं नाही. तो कातडीच्या आत असतो, आंघोळीने धुतला जात नाही. त्याला हवा असतो कातडीला कातडीचा सलग स्पर्श, साधारण पंधरा-वीस मिनिटांचा. एका पांघरुणात झोपणं, कडेवर घेणं, मांडीवर निजवणं. नमस्कार करून किंवा वही देऊन-घेऊन सहसा होत नाही.

म्हणून ती दाटीच्या जागी फोफावते: आश्रमशाळा, वसतिगृहं, ऊसतोडीच्या कोप्या, एका खोलीतलं मोठं कुटुंब. पाण्याची टंचाई असली की औषधपाणी आणि धुणं अवघड होतं, ही भर वेगळी. जगात कुठल्याही एका वेळी २० कोटींहून अधिक लोकांना खरूज असते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१७ साली संघटनेने तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. तेव्हा मान खाली घालण्यासारखं यात काही नाही. लपवाल, तर शेजारच्या पोरांतून परत तुमच्याच घरी येईल.

खाज एकट्या मुलालाच आहे. औषध सगळ्यांनी का लावायचं?

कारण ॲलर्जी उठायला वेळ लागतो. पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला किडा अंगावर आल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. या महिना-दीड महिन्यात तो माणूस ठणठणीत दिसतो आणि बिनबोभाट दुसऱ्यांना देत असतो. तुमच्या मुलाला आज खाज आहे, याचा अर्थ तो महिनाभर आधीपासून आजीच्या कुशीत, ताईच्या गोधडीत किडे घेऊन झोपतोय.

आमच्याच घरची गोष्ट. धाकटा वसतिगृहातून दिवाळीच्या सुट्टीला आला तो खाजवतच. मी औषधं विकणारी बाई, सगळं माहीत असलेली. चौघांनी रात्री क्रीम लावलं. सासूबाई म्हणाल्या, "मला काही नाही गं, मला कशाला ते चिकट." मी फार ताणून धरलं नाही. धाकटा रात्री त्यांच्याच शेजारी झोपायचा. तीन आठवड्यांनी सासूबाई कोपर खाजवताना दिसल्या, आणि तोवर धाकटा दुसऱ्यांदा. या खेपेला त्याला खाज सुटायला महिना लागला नाही. ज्यांचं अंग किड्याला ओळखतं त्यांना एक ते चार दिवसांतच खाज सुटते. पाचही जणांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तेव्हा एका छपराखाली झोपणारे सगळे, मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशी आणि रोज अंगाशी येणारी शेजारची पोरं, या सगळ्यांनी एकाच रात्री औषध घ्यायचं. "आज मुलं, रविवारी आम्ही" असं चालत नाही.

मग ट्यूबा किती लागतील?

परमेथ्रिन म्हणजे खरजेचा किडा मारणारं औषध. त्याच्या ५ टक्के क्रीमचा हिशेब साधारण असा: मोठ्या माणसाला आणि बारा वर्षांवरच्या मुलाला एका वेळी ३० ग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला १५ ग्रॅमपर्यंत, एक ते पाच वर्षांच्या मुलाला साडेसात ग्रॅमपर्यंत, आणि दोन महिने ते वर्षाच्या बाळाला त्याच्याही निम्मं.

आई, बाबा, आजी, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी असं घर धरा. ९० अधिक १५ अधिक साडेसात, म्हणजे ११२.५ ग्रॅम. आठवड्याने दुसरी फेरी, म्हणजे २२५. तीस ग्रॅमच्या आठ ट्यूबा. हे ऐकून गिऱ्हाईकाचा चेहरा पडतो आणि माझाही, कारण हातावर पोट असलेल्या घराला हा खर्च कमी नाही. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात विचारा, असंच मी सांगते. मी गिऱ्हाईक परत पाठवणं मालकाला आवडत नाही, पण एका ट्यूबमध्ये पाच जण "थोडं थोडं" लावून काहीच साधत नाही, पैसे मात्र जातात.

क्रीम लावायचं कसं? डॉक्टर म्हणाले "अंगाला लावा", पुढे काहीच नाही.

बहुतेक उपचार फसतात ते इथेच. लोक जिथे पुरळ दिसेल तिथे ठिपके लावतात, मलम लावावं तसं. किडा पुरळाखालीच बसलेला असतो असं नाही, त्यामुळे कोऱ्या कातडीलाही तेवढंच लावायचं.

वेळ रात्रीची, जेवणं आटोपल्यावर. आधी सगळ्यांची नखं कापा. आंघोळ घातली असेल तर अंग पूर्ण कोरडं आणि थंड होऊ द्या, कढत पाण्याने लाल झालेल्या अंगावर लगेच लावू नका. त्या दिवशी तेल लावून मालिश नको. तेलकट अंगावर क्रीम नीट बसत नाही, आणि आपल्याकडे बाळाला तेल चोपडल्याशिवाय आजीला चैन पडत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मोठ्या मुलांना आणि माणसांना हनुवटीखालून थेट तळपायापर्यंत. मानेमागे, कानाच्या पाळीखाली, काखेत, छातीखाली, बेंबीच्या आत, कमरेच्या घडीत, जांघेत, लघवीच्या जागेवर बाहेरून, ढुंगणाच्या फटीत, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांमध्ये. हाताच्या दहाही बोटांच्या बेचक्या आणि नखांखाली. नखांसाठी जुना मऊ टूथब्रश घ्या आणि नंतर टाकून द्या. पाठीला दुसऱ्याने लावायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला डोकं, कपाळ, कान, मान हेही सोडायचं नाही, फक्त डोळे आणि तोंड यांच्याभोवतीची जागा मोकळी ठेवायची. पातळ थर पुरे, पांढरं दिसेपर्यंत थापायची गरज नाही.

बाळ हात तोंडात घालतं, म्हणून हातांवर स्वच्छ पायमोजे चढवा. मधे लंगोट बदलला, हात धुतले, शी धुतली, की तेवढ्या जागी परत लावा. रात्री मुलीने लघवीनंतर हात धुतले आणि तशीच झोपली तर बेचक्या मोकळ्या राहिल्या, आणि किड्याला नेमकी तीच जागा आवडते. क्रीम ८ ते १४ तास अंगावर राहायला हवं. रात्री नऊला लावलं तर सकाळी सातला साध्या पाण्याने आंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. थोडी चुरचुर होते, ती थोड्या वेळात शमते.

बाळ दीड महिन्याचं आहे. आणि मी अंगावर पाजते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला आपल्या मनाने काहीही लावू नका, ट्यूब घरात असली तरी. अशा बाळांसाठी डॉक्टर बहुधा व्हॅसलीनसारख्या मलमात कालवलेलं ५ ते १० टक्के गंधक देतात, लागोपाठ तीन रात्री. वास सडक्या अंड्यासारखा येतो, कपड्यांना डाग पडतात, पण इतक्या लहान जिवाला ते चालतं. गरोदर बाईलाही डॉक्टर गंधक किंवा परमेथ्रिन सुचवतात.

पाजणाऱ्या आईने क्रीम लावायलाच हवं, कारण बाळ सगळ्यात जास्त तिच्याच अंगाशी असतं. पाजण्याआधी स्तनाग्रांवरचं पुसून धुवा, पाजून झालं की परत लावा.

एक गोळी घेतली की झालं, असं ऐकलंय. मुलाला चालेल?

ती गोळी आयव्हरमेक्टिन. औषध चांगलं आहे. ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण डोस वजनावर ठरतो, दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, आणि ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस लागतो, कारण गोळी अंड्यांना मारत नाही. १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला सहसा देत नाहीत. मोठ्या कुटुंबात किंवा वसतिगृहात, जिथे शंभर मुलांना नखशिखांत क्रीम लावणं शक्य नसतं, तिथे गोळीचा मोठा आधार असतो. शेजाऱ्याच्या गोळ्यांच्या पाकिटातली उरलेली अर्धी गोळी मुलाला देणं मात्र साफ चूक.

दुसऱ्या फेरीची खरंच गरज असते?

असते. पहिल्या रात्रीतून वाचलेलं एखादं अंडं फुटून त्यातला किडा मोठा होऊन अंडी घालायच्या आत गाठायचा, हे त्यामागचं गणित. सातव्या दिवसाच्या आसपास डॉक्टर सांगतील तेव्हा तसंच सगळ्यांनी, पहिल्या फेरीच्याच शिस्तीने. कॅलेंडरवर गोल करून ठेवा. पहिल्या फेरीनंतर मुलाला आराम पडलेला असतो आणि घर ढिलं पडतं.

दोन्ही वेळा लावलं, तरी खाज जात नाही. औषध नकली होतं का?

असं म्हणत ट्यूबचं रिकामं खोकं माझ्यापुढे आपटणारे लोक मी पाहिले आहेत. मघाचं वाक्य आठवा: खाज ॲलर्जीची आहे. किडे मेले तरी त्यांची मढी, अंड्यांची टरफलं आणि विष्ठा कातडीतच अडकलेली असते. वरची कातडी झिजून ती बाहेर पडेपर्यंत अंग धुमसत राहतं. दोन ते चार आठवडे खाज राहणं हे ठरलेलंच आहे. ती दिवसेंदिवस कमी होत जायला हवी, एवढंच बघा.

या काळात लोक दर दोन दिवसांनी क्रीम लावत सुटतात. त्याने कातडी कोरडी पडून आणखी खाजते आणि लोक आणखी लावतात. थांबा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा (आता तेल चालतं), कॅलामाइन लावा, मुलाला सुती सैल कपडे घाला. रात्री झोपच लागत नसेल तर डॉक्टर ॲलर्जीचं सरबत देतील. काही मुलांच्या काखेत, जांघेत, लघवीच्या जागी मटाराएवढ्या लालसर गाठी राहतात आणि त्या कित्येक आठवडे, महिनेही टिकतात. त्यांत जिवंत किडा असेलच असं नाही. डॉक्टरांना दाखवा, पण पुन्हा आठ ट्यूबा घेऊ नका.

चार आठवड्यांनंतरही खाज तशीच असेल, किंवा नव्या जागी नवे फोड येत असतील, तर तीन शक्यता: औषध नीट लागलं नाही, घरातला कुणी सुटला, किंवा मुळात ती खरूज नव्हती. अलीकडे परमेथ्रिनला दाद न देणारी खरूजही डॉक्टरांना दिसते आहे, पण माझ्या अनुभवात पहिल्या दोन कारणांतच बहुतेकांचा निकाल लागतो.

करंजाचं तेल, कडुनिंबाचा पाला, हळद?

गंधक आणि करंज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आयुर्वेदात "पामा" म्हणून या रोगाचं वर्णनही सापडतं. गंधक आजच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतही आहे, म्हणजे आजीचं अगदीच चुकत नव्हतं. परमेथ्रिनसुद्धा शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या कीटकनाशक द्रव्याची प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल आहे. पण घरी गाळलेल्या तेलात किती द्रव्य आहे, हे कुणाला कळणार? कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला, नुकसान नाही. तेवढ्यावर विसंबून महिना घालवलात, तर घरभर पसरते.

काही गोष्टींना मात्र ठाम नाही. रॉकेल, फिनेल, शेतात फवारायचं औषध, जनावरांच्या गोचिडांचं औषध, झुरळांचा खडू. "त्यातही तेच द्रव्य असतं" असा युक्तिवाद मी ऐकलाय. फवारणीच्या बाटलीतलं प्रमाण आणि त्यातले द्रावक मुलाच्या कातडीसाठी बनवलेले नसतात. खाजवून सोललेल्या अंगातून ते रक्तात जातं आणि विषबाधा होते.

मागच्या वेळी नायट्याला आणलेली ट्यूब आहे. तीच लावली तर?

नका लावू. बाजारात त्या "तीन-चार औषधं एकत्र" ट्यूबा असतात, बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइडचं मिश्रण. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत दबते, म्हणून लोकांना ती जादू वाटते. पुरळाचं रूप बदलतं, डॉक्टरलाही ओळखू येत नाही, आणि आत किडे निवांत वाढत असतात. वर मुलाची कातडी पातळ होते. कातडीवर लावायची बरीचशी स्टेरॉइडं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो, हे मी काउंटरच्या आतून बघते आणि गप्प बसते असं नाही, पण सगळीकडे माझं चालत नाही.

जुनं पांढरं गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइडचं लोशनही कुणाच्या कपाटात सापडतं. ते मज्जासंस्थेवर परिणाम करतं, झटके येऊ शकतात. लहान मुलांना नकोच. बेंझिल बेंझोएट वापरतात, पण ते फार चुरचुरतं आणि मुलांसाठी पातळ करून लागतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल, तरच.

सगळ्या गोधड्या, गाद्या, सोफा... काय काय उकळू?

एवढं घाबरू नका. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला केनेथ मेलनबी यांनी प्रयोग केले होते. खरूज झालेल्यांची न धुतलेली ब्लँकेटं आणि कपडे स्वयंसेवकांना वापरायला दिले, तर फारच थोड्यांना लागण झाली. खरा मार्ग अंगाला अंग लागण्याचाच निघाला.

म्हणून क्रीम लावलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी, गेल्या तीन-चार दिवसांत अंगाला लागलेले कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे कढत पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गोधडी, स्वेटर, शाळेचं दप्तर, मऊ खेळणी धुणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पोत्यात घालून तोंड घट्ट बांधा आणि तीन दिवस हात लावू नका; जागा असेल तर आठवडाभर. गादी उन्हात टाका. घरात औषध फवारायची काही गरज नाही. सगळी ताकद धुण्यात खर्च करून क्रीम घाईघाईत लावणारी घरं मी फार पाहिली आहेत. उलट केलं असतं तर चाललं असतं.

शाळेत कधी पाठवू? बाईंना सांगायचं का?

पहिली फेरी रात्रभर नीट झाली की दुसऱ्या दिवशी पाठवायला हरकत नाही. अंगावर पुरळ राहील, खाजही राहील, तरी. वर्गशिक्षिकेला आणि अंगणवाडीत ताईंना जरूर सांगा, पण चारचौघांत नको, बाजूला घेऊन. मुलाला वेगळं बसवणार नाहीत असं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. वसतिगृहातल्या मुलाचं एकट्याचं औषध करून त्याच खोलीत परत पाठवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अधीक्षकांना सांगून सगळ्या खोलीचं एकाच दिवशी करून घ्यायला लावा.

घाई करून डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

फोडांत पू झाला, पिवळट खपल्या धरल्या, ताप आला, काखेत-जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलं, तर त्याच दिवशी. नखांतून जंतू आत गेलेले असतात आणि त्यांचं औषध वेगळं असतं. यातल्याच एका जातीच्या जंतूंमुळे दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे, चेहरा सुजलेला दिसला, लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर संध्याकाळची वाट बघू नका. खरजेने कुणी मरत नाही असं म्हणतात. तिच्या मागून येणाऱ्या या दुखण्याने मूल गंभीर होऊ शकतं.

घरात फार म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कुणी असेल आणि त्यांच्या अंगावर जाड पापुद्रे धरले असतील, तर ती खरजेची वेगळी जात असू शकते. तिथे किडे दहा-पंधरा नाही, लाखांनी असतात, आणि खाज मात्र कमी. घरातली खरूज पुन्हा पुन्हा का उलटते, याचं उत्तर कधीकधी त्या खाटेवर असतं.

कुत्र्याला लूत लागलीय. त्याच्यामुळे झाली का?

कुत्र्याचा किडा वेगळ्या जातीचा. माणसाच्या अंगावर आला तर थोडे दिवस खाजवतो, पण तिथे त्याची पिढी वाढत नाही. कुत्र्यावर उपचार केले की तुमची खाजही जाते. माणसाची खरूज माणसाकडूनच येते, मोत्याला दोष देऊ नका.

ट्यूबेत थोडं क्रीम उरलंय. ठेवू का?

दुसरी फेरी झालेली असेल, तर तळाशी उरलेल्या चार-पाच ग्रॅमने पुढच्या वेळी कुणाचंच भागत नाही, आणि मधल्या काळात ते "खाजेचं मलम" म्हणून शेजारी मागायला येतात, डास चावला तरी लावलं जातं. टाकून द्या. पहिल्या फेरीनंतर उरलं असेल, तर आधी मोजा: पाच जणांत एवढं उरलं कसं? बहुतेक वेळा कुणाची तरी पाठ राहिलेली असते.